तांब्यावरची तीन बोटं

"कातेल्लोकाका, तुमच्या कारखान्यात एकही मुलगी का नाही? मशीन चावतात का मुलींना?"

पैज मैत्रिणींची, तोंड माझं! इलेनिया आणि मारिका दाराबाहेर खिदळत उभ्या होत्या. आमच्या गावातल्या बारमधली कॉफीची जुनी मशीन कातेल्लोकाकाच पुन्हा नवीन करतात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कुणी विचारलंच नाही. हातमोजे घाल."

बाहेरचं खिदळणं बंद.

समोर बारच्या मशीनचा तांब्याचा मोठा पत्रा. वरचं जुनं लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण, पिवळं पडलेलं, फुटलेलं. "हे काढायचं, पण एक ओरखडा नको. जमलं तर दर शनिवारी ये. नाही जमलं तर बारमध्ये बसून कॉफी पी, तेही कामच आहे."

मला ते शनिवार हवेच होते. घरी आईने पुढच्या वर्षी लॅटिन-ग्रीकची शाळा ठरवून टाकली होती, आणि मला तर शब्दकोशाचं वजनसुद्धा पेलत नाही.

जेलसारखं औषध थापलं, वर प्लास्टिक गुंडाळलं. तासाभरात लॅकर सायीसारखं सुरकुतलं. लाकडी पट्टीने ओढलं की लांबच लांब निघे, ऑगस्टमध्ये समुद्रावर उन्हाने भाजलेल्या पाठीची साल निघते ना, तस्सं! मग धुतलं, पुसलं, पॉलिश केलं. खालचं तांबं असं काही गुलाबी निघालं की मी हातमोजे फेकले, बोटांचा मुका घेतला आणि तो पत्र्याला लावला. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या मादोन्नाला, मेरीमातेच्या मूर्तीला, जाता-येता लावतो तसाच.

पुढच्या शनिवारी पत्र्यावर तीन तपकिरी बोटं उमटलेली!

"कुणाची?" काकांनी विचारलं.

"माझीच. मुका दिला होता."

"अगं बाई, मादोन्ना काचेमागे असते म्हणून टिकते! उघड्या तांब्याला घाम लागला की डाग धरतो. आता वरून लॅकर मारलं तर मी मेल्यावरही ही बोटं गिऱ्हाइकांना टाटा करतील. जाऊ दे, हा पत्रा मागच्या बाजूला लावतो."

"नाही. पुढेच लावायचा."

नुसते डाग घासले असते तर तिथेच चकाकते चंद्र दिसले असते. म्हणून अख्खा पत्रा पुन्हा घासला. खांदे गळून पडायचे बाकी होते. हातमोजे मात्र शेवटपर्यंत हातातच! मग काकांनी लॅकर मारलं.

संध्याकाळी बारचे मालक मशीन बघायला आले. पत्र्यात वाकून त्यांनी आधी स्वतःचे उरलेसुरले केस बसवले, मग म्हणाले, "वा! कुणी केलं?"

काकांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "हिने. ही आमची शनिवारची."

रविवारी दुपारी बाबा पास्ता वाढत होते. मी काटा खाली ठेवला.

"आई, बाबा, मी लॅटिन-ग्रीकला जाणार नाही. तांत्रिक शाळेत नाव घालणार आहे. आणि शनिवारी जेवायला माझी वाट बघू नका, मी कामावर असते."