पाचवी खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. जेवायच्या दालनातली नव्हे हं, स्वयंपाकघरातली. आचारी माझ्यावर बसून बटाटे सोलतो आणि कंबर दुखली की शिव्याही मलाच घालतो.

जन्माने मी चांगल्या घरची, सागवानी. एका सुताराने आपल्या मुलीच्या अभ्यासासाठी मला बनवलं. मुलगी शिकून सासरी गेली आणि मी गेले भंगारवाल्याकडे. तिथून मालकीणबाईंनी मला आणलं. त्यांचं हॉटेल फिरंगी धाटणीचं. सूप, पास्ता, भट्टीतला पिझ्झा, टेबलावर मेणबत्ती. बाहेरच्या खुर्च्या काळ्या, सडपातळ, एका मापाच्या. मला त्यांच्यात कोण घेणार?

त्यातून माझा मागचा पाय डुगडुगतो. दिवा बदलायला आचारी माझ्यावर चढला होता, तेव्हापासून. "उद्या ठोकतो," म्हणाला. त्याचा उद्या काही उजाडला नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी हॉटेल गच्च भरलं होतं. चौघं आत आली. एक तरुण, त्याची होणारी बायको आणि तिचे आईवडील. लग्नाचा हॉल बघून परतताना सासरेबुवांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, म्हणून वाटेत दिसलं त्या हॉटेलात शिरले. चार माणसं, चार खुर्च्या. छान जमलं होतं.

एवढ्यात मुलीला काचेतून समोरचा बसथांबा दिसला. "अय्या, ते तुझे बाबा ना?"

"नसतील," तरुण मेनूकार्डातून डोकं न काढता म्हणाला.

मी जेवण द्यायच्या खिडकीतून बघत होते. त्याने त्यांना तिच्याआधी पाहिलं होतं.

मुलीची आई उठलीच. "व्याही रस्त्यावर उभे आणि आम्ही इथे जेवायचं? शोभतं का?" ती त्यांना आग्रहाने आत घेऊन आली. कारखान्यातून येत होते बिचारे. हातात डब्याची पिशवी, शर्टाला ग्रीसचा डाग. खुर्ची एकही शिल्लक नव्हती, म्हणून मालकीणबाईंनी मला उचललं. "अहो बाई, ती नको!" आचारी ओरडला. पण बाई ऐकतायत कुणाचं?

मेणबत्तीच्या उजेडात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगावर पीठ, पाठीवर टोमॅटोचे डाग. ते बसले, माझा पाय कुरकुरला, आणि त्यांना लगेच कळलं. मला वाटलं, आता उठतील, सांगतील. छे! ते फक्त पुढे सरकले, अगदी कडेवर, आणि सगळा भार आपल्याच पायांवर तोलून धरला.

"हॉल बघायला तुम्ही हवे होतात," विहीणबाई म्हणाल्या. "सुट्टी नाही मिळाली म्हणे?"

त्यांनी लेकाकडे पाहिलं. लेकाने सुपात पाहिलं.

"हो ना," ते म्हणाले. "नाही मिळाली."

हॉल बघायला जाणार आहेत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग पास्ता आला, फुलांच्या सजावटीच्या गप्पा निघाल्या. ते "छान, छान" म्हणत होते आणि त्यांच्या पोटऱ्यांची थरथर मला लागत होती. दिवसभर मशीनपुढे उभा राहिलेला माणूस! खुर्ची म्हणवून घेते स्वतःला, आणि एका माणसाला टेकू देता येईना. इतकी लाज मला भंगारातही वाटली नव्हती.

लेकाला मात्र वेगळीच लाज वाटत होती. वाकून दबक्या आवाजात म्हणाला, "बाबा, असे काय टोकावर बसलात? बसथांबा आहे का हा? ती पिशवी खाली ठेवा आणि नीट टेकून बसा."

"राहू दे रे, बरा आहे मी."

"सगळे बघतायत, बाबा."

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि लेकाच्या शब्दाखातर टेकले.

कडाड्! माझा पाय निखळला. ते, मी आणि पास्त्याची बशी, तिघंही जमिनीवर. अख्खं हॉटेल वळून बघायला लागलं.

"काही नाही, काही नाही. वजन वाढलंय माझं," ते हसत म्हणाले. काडीपैलवान माणूस तो!

लेक त्यांना उचलायला धावला. तेव्हा त्याला माझा निखळलेला पाय दिसला. तडा जुना होता, आत काळा पडलेला. त्याने तो पाय हातात घेतला.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"बसलो तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

शर्टावरचा सॉस पुसत ते हळूच म्हणाले, "आधीच न बोलावता आलेलो. त्यात खुर्ची बदलून कशी मागायची?"

लेकाची मान खाली गेली. त्याने आपली खुर्ची पुढे ओढली. "इथे बसा बाबा. मागे टेका." आणि सासरेबुवांकडे वळून म्हणाला, "त्यांना सुट्टी मिळाली असती. मीच सांगितलं नव्हतं." तो बाबांच्या पाठीशी उभाच राहिला, पुढचं सगळं जेवण होईपर्यंत.

माझा पाय आता ठोकलाय, आचाऱ्याचा उद्या एकदाचा उजाडला. मी पुन्हा बटाट्यांच्या राशीशेजारी आहे, आणि इथेच बरी आहे. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. टेबलाशी कुणी कडेवर बसलेलं दिसलं, तर "नीट बसा" म्हणायच्या आधी जरा वाकून खुर्चीचा पाय बघा. आम्हा खुर्च्यांना सांगता येत नाही. आणि बाबा सांगत नाहीत.