म्हादूच्या थाळीला आलेला संशय

मित्रांनो, मी एक जुनी काशाची थाळी आहे. माझ्यात कुणी जेवलं नाही. मुरबाडच्या कासाराने मला ठोकून घडवलं, आणि म्हसा गावच्या जत्रेत म्हादूच्या बापाने नखाने वाजवून, कान लावून मला विकत घेतलं.

माझ्या मध्यावर मेणाने एक बारीक काडी उभी करतात. तिच्यावरून चिमटीतली बोटं वरून खाली ओढली की मी घुमते, आणि त्या घुमण्यावर गोष्ट सांगतात. शेणवे गावापलीकडच्या आमच्या वाडीत कुणाकडे दिवसकार्य असलं की बापामागे म्हादूलाच बोलावणं येई. लोक म्हणत, म्हादूसारखा सांगणारा नाही. पण सांगताना त्याचे डोळे कोण उठून जातंय का तेच बघत असतात, हे फक्त मला माहीत होतं.

पुढे घरोघरी मोबाइल आले. बोलावणी थांबली. म्हादूची बायको ठकू माझ्यात कोंबड्यांना कण्या घालू लागली.

मग एके दिवशी म्हादूची पुतणी रविना आली. ती शहापूरला नोकरी करायची आणि गोष्टी लिहायची. तिने मला घासलं, काकापुढे ठेवलं आणि म्हणाली, "काका, डोहाची गोष्ट सांगा ना. मला लिवायची हाय."

मला तिचा संशय आला. म्हादूला तर माझ्याआधी आला होता. गोष्ट लिहायला येते असा तिचा निरोप आला, तेव्हा आदल्या दिवशीच तो ठकूला म्हणाला होता, "पोरगी गोष्ट नेल नि आपल्या नावानं छापील. मी शेवट खोटाच सांगतो. तसाच छापून आला का चोर गावला."

त्याने ताजं मेण लावलं आणि सांगायला बसला. एका बाईच्या भावाला डोहाने गिळलं. ती काठावर बसून डोहाशी भांडू लागली. अन्न नाही, पाणी नाही. इथवर गोष्ट खरी होती. मग म्हादू म्हणाला, "सासूनं हाक मारली. बाईनं डोळं पुसलं नि घरी जाऊन चूल पेटवली."

मी घुमत राहिले. थाळीला खोटं थांबवता येत नाही.

रविनाने पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "काका, ह्ये पटत नाय. जी डोहाला घाबरली नाय, ती सासूच्या एका हाकंला उठंल?"

म्हादूची बोटं काडीवरच थांबली. "मंग तूच सांग शेवट."

"मला नाय जमत," ती म्हणाली. "चार ओळी लिवते नि खोडते. वाटतं, ह्ये माझं नाय, कुनाचं तरी उचललंय. सगळ्यांना कळंल, मला काय येत नाय."

म्हादू खाली बघत म्हणाला, "मला बी तसंच वाटतं गो. दरवेळी. वाटतं, आता लोकं उठून जातील."

इतक्या वर्षांत त्याने हे ठकूलाही सांगितलं नव्हतं. मग त्याने खरा शेवट सांगितला. डोहाने भाऊ परत दिला, पण बदल्यात बाईची वाचा ठेवून घेतली.

रविनाने गोष्ट लिहिली. छापायला देण्याआधी ती वाडीत आली आणि अंगणात सगळ्यांपुढे वाचू लागली. म्हादू मला मांडीवर घेऊन पाठमोरा बसला होता. त्याचा संशय पुरता गेला नव्हता, माझाही नाही. गोष्ट म्हादूकाकाची आहे, असं तिने सुरुवातीलाच वाचलं. भाऊ परत आला, बाई मुकी झाली. आमची गोष्ट इथे संपते. रविना मात्र थांबली नाही. तिने पुढे वाचलं, की तो भाऊ म्हातारा होईपर्यंत बहिणीवर रुसून राहिला. ही माझ्याशी बोलत का नाही, ते त्याला कधी कळलंच नाही.

अंगणातलं कुणी उठून गेलं नाही. म्हादू वळून बसला. त्याची बोटं काडीवर गेली आणि मी घुमले.

ठकू म्हणाली, "ह्ये तुमी कवा सांगितलं नव्हतं."

"मला म्हाईतच नव्हतं," म्हादू म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी गोष्ट सांगत असेल तर शेवटापर्यंत बसा. पटलं नाही तर तोंडावर विचारा. नुसत्या माना डोलावून उठून जाऊ नका. सांगणारा आधीच मनातून भ्यालेला असतो.