केळ्यांचा वास लागलेलं स्टॉपवॉच

मित्रांनो, धुळ्याला देवपुरातल्या एका कॉलेजच्या रसायनशाळेत, कपाटाच्या वरच्या खणात पडलेलं मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. पोलादी अंग, डोक्यावर बटण, चालायचं तर रोज चावी लागते. स्वभाव जळका आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सुनंदाबाई रसायनशास्त्र शिकवायच्या. अकरा वर्षं त्यांच्या प्रत्येक प्रयोगात मी त्यांच्या हातात असायचो. "माझं घड्याळ कुठाय?" असं त्यांनी विचारलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात बाईंनी एक अवघड प्रयोग हाती घेतला. केळी पिकताना सुटणारा इथिलीन वायू हवेत ओझोनला भेटला, की मध्येच एक उतावळा रेणू जन्मतो. तो आम्लावर झडप घालतो आणि पापणी लवायच्या आत संपतो. मुंग्यांमधल्या आम्लाशी तो जास्त वेगाने जुळतो की व्हिनेगरमधल्या, हे बाईंना शोधायचं होतं. माझं बटण दाबेपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं. शेवटी त्यांनी आठ दिवसांच्या बोलीवर बाहेरून एक मोठं यंत्र आणलं. हवा, इथिलीन आणि ओझोन भरलेल्या एकाच पिशवीत दोन्ही आम्लं सोडायची आणि कोणापासून किती नवा पदार्थ झाला, ते यंत्राने कागदावर रेघेचे उंच-ठेंगणे शेंडे काढून दाखवायचं. घड्याळाचं कामच नाही! बाई त्या यंत्रावर स्वतःची शाल पांघरायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तिसऱ्या दिवशी पिशवीत नुसती हवा असताना यंत्राने इथिलीनचा शेंडा काढला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. यंत्र बिघडलं, असं सगळे म्हणाले. बाईंचं इतक्या दिवसांचं काम पाण्यात जाणार होतं आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कारण खरी गोष्ट मला ठाऊक होती. पिशवीत हवा भरणारा पंप माझ्याच कपाटात, खालच्या खणात होता आणि त्याला लागून पोत्यात काहीतरी पिवळं होत होतं. मला बोलता आलं असतं तरी मी बोललो नसतो.

सहाव्या दिवशी बाईंनी मला बाहेर काढलं. "तूच बरा रे बाबा," म्हणाल्या. माझं सोनं झालं! पण चावी देता देता त्या थांबल्या. मला नाकाशी नेलं.

"तोताराम, याला केळ्यांचा वास कसा?"

रावेरकडचा शिपाई तोताराम कावराबावरा झाला. "बाई, मीच ठेवेल होती केयी. थंडीत पिकत नव्हती, म्हनून पंपाच्या उबीले ठेवेल होती. मले काय मालूम!"

"म्हणजे यंत्र खरंच सांगत होतं!" मला टेबलावर टाकून बाई यंत्राकडे धावल्या. माझ्या अंगाच्या वासानेच माझा वैरी निर्दोष सुटला. दोन दिवसांत उत्तर मिळालं: बाईंच्या पिशवीत दोन्ही आम्लं जवळजवळ बरोबरीने धावली होती.

यंत्र परत गेलं, पण मला पुन्हा चावी मिळाली नाही. पुढे बाईही निवृत्त झाल्या. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. मलाही पुसा, हातात घ्या, पण बटण दाबू नका; दाबलं की चावी उलगडून संपते. त्या दिवशी अर्धीच दिलेली चावी अजून माझ्या आत आहे. ती बाईंच्या हातची आहे, आणि ती मी कुणालाही देणार नाही.