पिवळं कापड

गाव सोडायच्या कागदांवर सहा घरांनी तासाभरात सह्या दिल्या, आणि तेंकू नासरुद्दीन तेव्हापासूनच अस्वस्थ होते.

क्वालालंपूरहून आलेला मॅनेजर हमदान मात्र खुशीत होता. "दुसरा कुणी चेअरमन असता ना, तर या लोकांनी दोन वर्षं घोळ घातला असता. तुम्ही नुसते गावातून फिरलात, तेंकू, आणि काम फत्ते!"

तेंकू हा राजघराण्याचा किताब; नासरुद्दीन म्हणजे सुलतानाच्या धाकट्या चुलत्याचा मुलगा, राजवाड्याच्या मागच्या बाजूला वाढलेला. गोरे होते तेव्हापासून सरकारी नोकरी केली, त्यातली सात वर्षं इथेच, जिल्हा अधिकारी म्हणून. निवृत्त झाल्यावर सिमेंट कंपनीने बोलावून चेअरमनची खुर्ची दिली. ती आपल्या अकलेमुळे मिळाली असं त्यांना वाटायचं. माणसाला काय, काहीही वाटतं.

आता एकच घर उरलं होतं, माक सोमचं. डोंगराच्या अगदी पायथ्याशी, मागे कबरस्तान, त्यात तिचा नवरा. कंपनीने डोंगर फोडायला घेतला की ते सगळंच जाणार होतं. ‘माक’ म्हणजे आई, आणि माक सोम ही तेंकूंची दूधआई. जन्मानंतर त्यांच्या आईला ताप भरला, तेव्हा हिने स्वतःचा मुलगा देरामन एका बाजूला धरला आणि राजघराण्यातलं ते पोर दुसऱ्या बाजूला. तेंकूंना ‘अवांग’, म्हणजे ‘पोरा’, अशी हाक मारणारं जगात आता तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

ती नाही म्हणेल, असा तेंकूंचा भरवसा होता. खरं सांगायचं तर तीच आशा होती. तिने एकदा झाडलं की कंपनीला सांगायचं, इथे जमत नाही, दुसरा डोंगर बघा. स्वतःच्या तोंडाने तसं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून साठीला टेकलेला हा माणूस म्हातारीची हिंमत उसनी घ्यायला निघाला होता.

झाडण्यात ती पटाईत होतीच. जिल्हा अधिकारी असताना तेंकूंनी मशिदीशेजारी विहिरीची जागा आखली, खुंट्या ठोकल्या. सगळ्या गावासमोर माक सोम ओरडली होती, "अवांग, डोळे कुठे गहाण टाकलेस? तिथलं पाणी मचूळ आहे. फणसाखाली खण!" तेंकूंनी निमूटपणे खुंट्या उपटल्या. फणसाखालच्या त्या विहिरीचं पाणी गाव आजही पीत होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीतलं तेवढं एकच काम त्यांना मनापासून आठवायचं.

हमदानला गाडीतच थांबवून ते एकटे गेले. जिन्याशी ठेवलेल्या रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले आणि वर चढले. दारात देरामन कमरेत वाकून उभा होता. आत चटईवर पिवळं कापड अंथरलेलं होतं. पिवळा रंग राजघराण्याचा. या घरात तो कधी आला नव्हता. इथे तेंकू चुलीजवळ फतकल मारून उकडलेले कंद ओल्या खोबऱ्याबरोबर खायचे.

"हे काय मांडलंस, माक?"

"तेंकू येणार, असा निरोप होता." माक सोम चटईच्याही बाहेर, उघड्या फळ्यांवर बसली होती. तिने दोन्ही हात जोडून कपाळाशी नेले.

"हात खाली घे आधी. गुडघे कसे आहेत?"

"तेंकूंच्या कृपेने बरे."

"पुरे झालं, माक! कागद वाचून दाखवला ना देरामनने? पटत नसेल तर नाही म्हण. मला शिव्या घाल."

"राजघराण्याला नाही कसं म्हणायचं, ते आम्हाला कुणी शिकवलं नाही."

"अगं, मी राजघराण्यातला म्हणून आलोच नाही. कंपनीचा चेअरमन म्हणून आलोय."

"मग त्या चेअरमनलाच पाठवायचं होतं. तेंकूंनी कशाला तसदी घेतली?"

देरामनने मान वर न करता शाईची डबी उघडली. म्हातारीने अंगठा बुडवला, कागदावर चांगला दाबून उठवला आणि सारोंगला पुसला.

"एकदा अवांग म्हण," तेंकू म्हणाले.

माक सोमने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अवांगला मी पाजलंय. तो हा कागद घेऊन आला असता, तर केरसुणीने बडवून जिन्यावरून खाली ढकलला असता मी त्याला. पण तो आज आलाच नाही ना."

हवा होता तो नकार मिळाला. कुणालाही कळला असता इतका स्पष्ट, आणि तेंकूंनाही तो कळला. ते उठले, जिना उतरले. कागद वर कापडावरच राहिला. विसरला की मुद्दाम ठेवला, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. बूट घालताना मात्र छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

"तेंकू!" देरामन धावत जिना उतरला. त्याने कागद त्या पिवळ्या कापडात गुंडाळला होता आणि दोन्ही तळहातांवर धरला होता. नजर जमिनीवर. "आपलं राहिलं."

लहानपणी याच दूधभावाने त्यांना नदीत ढकलून पोहायला शिकवलं होतं. आताही त्याने नुसतं ढकललं असतं तर बरं झालं असतं. देरामनचे हात खाली आले नाहीत. गाडीच्या काचेतून हमदान बघत होता.

मग तेंकूंनी हात पुढे केला आणि कागद घेतला, कापडासकट.