बाईंच्या गळ्यापाशी

मी माईक बोलतोय. हसू नका. माईकमधून माणसं बोलतात, माईक स्वतः बोलत नाही, हे मलाही ठाऊक आहे. जन्मभर मी दुसऱ्यांचंच बोलणं वाहिलं. पण एक गोष्ट मनाला इतकी लागून राहिली आहे, की ती कुणी दुसऱ्यानं सांगण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

मी अंगठ्याच्या पेराएवढा. पाठीला चिमटा, पोटात छोटी बॅटरी, कुशीत एक कळ आणि कळीशेजारी हिरवा दिवा. माझा एक जोडीदार आहे, तो लॅपटॉपला खोचलेला असतो. मी ऐकायचं आणि त्यानं झेलायचं. मधे एखादी भिंत आली तरी आमचं अडत नाही. याचा मला फार तोरा होता. पुढे तोच नडला.

माझे पहिले मालक म्हणजे बाईंचे दीर. निवृत्त झाल्यावर त्यांना वाटलं, जगाला सांगण्यासारखं आपल्यापाशी पुष्कळ आहे. मला गळ्याला लावून त्यांनी चार व्हिडिओ केले. ते अकरा जणांनी पाहिले, त्यातले आठ घरचे. पाचव्याची तयारी चालली होती, तेव्हा त्यांची बायको शांतपणे म्हणाली, की आम्ही ऐकतोय तेवढं पुरे, जगानं काय घोडं मारलंय? झालं. माझी रवानगी कपाटाच्या खणात झाली. तिथे सुटी बटणं, बोथट कात्री आणि कुठल्याच कुलुपाला न लागणाऱ्या किल्ल्या यांच्या संगतीत मी दीड वर्ष काढलं.

तिथून मला बाईंनी उचललं. बाई शाळेत विज्ञान शिकवतात. त्या वर्षी त्यांच्या आठवीच्या वर्गात एक मुलगी आली. सहा वर्षांची असताना तापात तिचे कान गेले होते. त्याआधी बोलायला शिकली होती, म्हणून बोलायची. पण आवाज सपाट, आणि कुठे हळू बोलावं, कुठे मोठ्यानं, याचा अंदाज नाही. कानामागे यंत्र होतं, त्यातून गलका तेवढा कळे, शब्द नाही. त्यामुळे कोण बोलतंय त्याचे ओठ बघायला ती बाकावर सारखी गर्रकन वळायची. मुलांनी नाव पाडलं भिंगरी. तिनं ते हसण्यावारी नेलं.

मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं, की अशा मुलांसाठी वेगळी शाळा आहे, लांब आहे, पण वसतिगृह आहे, तिला तिथे घाला. म्हणणं वावगं नव्हतं. पण भिंगरीची आई शिवणाच्या कारखान्यात दिवसभर बाह्या जोडायची आणि संध्याकाळी घरी येऊन लेकीचं तोंड बघायची, तेवढाच तिचा विसावा. तिला लेक डोळ्याआड करवेना. तेव्हा बाई मधे पडल्या. सहामाहीपर्यंत वेळ द्या, म्हणाल्या, मी बघते काय करायचं ते.

आणि त्यांनी खरंच बघितलं. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या कितीतरी गोष्टी त्यांनी धुंडाळल्या. त्यांना एक अशी साइट सापडली, की आपण बोलावं आणि तिनं ते पडद्यावर लिहीत जावं. बोलणं नीट पोचायला गळ्यापाशी माईक हवा, म्हणून मी. तास संपला की सगळा मजकूर एका पानावर साठायचा, आणि ते पान भिंगरी घरी आईच्या फोनवर उघडून वाचायची.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "आज आपण पानाच्या आत शिरणार आहोत." त्यांच्या मागच्या भिंतीवर, प्रोजेक्टरच्या पडद्यावर, ते वाक्य उमटलं. भिंगरी वळायची थांबली. डोकं समोर, नजर भिंतीवर, तोंड किंचित उघडं. मी बाईंच्या गळ्यापाशी, तिच्या अगदी समोर. तिचा तो चेहरा मी पाहिला आणि मनात म्हटलं, खणातली दीड वर्षं वसूल झाली.

मात्र ती साइट फुकट होती, आणि फुकटच्या गायीचे दात कोण मोजणार. विज्ञानाचे जड शब्द तिला पेलत नसत. बाई म्हणाल्या पेशीभित्तिका, भिंतीवर आलं 'पेशी भीती का'. बाई म्हणाल्या वनस्पतींचं श्वसन, भिंतीवर 'वनस्पतींचं शासन'. वर्ग पोट धरून हसायचा. बाईही हसायच्या.

हसणाऱ्यांत भिंगरी नसायची. मूळ शब्द कानावर पडलाच नाही, तर चूक कळणार कशी? एकदा तिच्या वहीत अख्खं पान भरून वनस्पतींचं शासन निघालं, सुबक अक्षरात, खाली दोन रेघा मारून. ते पाहिल्यावर बाईंनी शाळा सुटल्यावर रोज मागे थांबून पान दुरुस्त करायला घेतलं. एकेक ओळ वाचायची, आठवायची, खोडायची. तासाभराचं बोलणं दुरुस्त करायला तासाहून जास्त वेळ जायचा. वर्गातही त्या सावकाश बोलू लागल्या, वाक्य संपलं की भिंतीकडे बघून मगच पुढे जाऊ लागल्या. मी त्यांच्या छातीला चिकटलेला. श्वास जड होत चालला होता, हे मला सगळ्यात आधी कळलं.

तो दिवस मी विसरू म्हणता विसरत नाही. पर्णरंध्रांचा धडा होता. बाईंनी आकृती काढायला सांगितली आणि पाणी प्यायला शेजारच्या शिक्षकांच्या खोलीत गेल्या. मला काढायचं राहिलं. कळ दाबायचीही राहिली.

खोलीत गणिताचे सर होते. स्वभावानं भला माणूस, पण तोंडाला कुलूप नाही. ते म्हणाले, की दुसऱ्या तुकडीचे दोन धडे पुढे झालेत, मुख्याध्यापक विचारत होते, तुमचं घोडं कुठे अडलंय? बाई खुर्चीत बसल्या. मग त्या बोलल्या.

"एका पोरीपायी अख्खा वर्ग गोगलगाईच्या चालीनं चाललाय. एवढं करून तिच्या डोक्यात किती शिरतं, देव जाणे. तिकडच्या शाळेत गेली तर तीही सुटेल आणि मीही सुटेन."

दमलेल्या माणसाचं बोलणं होतं ते. घटकाभरानं विरून गेलं असतं. पण मी होतो ना तिथे. भिंतीपलीकडे पोचवणं हा तर माझा तोरा.

बाई वर्गात परतल्या. एकाही वहीत पेन्सिल हलत नव्हती. काही मुलं बाईंकडे बघत होती, काही बाकाकडे, आणि भिंगरी भिंतीकडे. बाईंनी मागे वळून पाहिलं. त्या वळल्या म्हणून मलाही दिसलं. तीन ओळी होत्या. गोगलगाईसकट. इतक्या दिवसांत असं निर्मळ काम आमच्या हातून झालं नव्हतं.

बाईंनी पटकन कळ दाबली. मग बळेच हसल्या आणि म्हणाल्या, की बघा, काय वाट्टेल ते लिहितं हे फुकटचं यंत्र, मी बोलले काय आणि लिहिलं काय.

दोघंतिघं सुटल्यासारखी हसली. बाकीच्यांनी वहीत डोकं घातलं. हे बोलताना बाई भिंगरीसमोर नीट उभ्या होत्या, तिला ओठ दिसावेत म्हणून त्या नेहमीच तशा उभ्या राहत. तिनं ते वाचलं, मान हलवली आणि आकृती काढायला लागली.

माझी लाज इथून सुरू होते. बोलणं पोचवलं ही पहिली. पण दुसरी जास्त बोचते. अख्ख्या वर्गात जिला आमची चूक पकडता येत नव्हती, तिलाच सांगितलं गेलं की ही चूक आहे. आणि मी तिथे टाचलेला, हिरवा दिवा विझवून, चोरासारखा.

त्यानंतर भिंगरी भिंतीकडे बघेना. वळेनाही. खाली मान घालून पुस्तक वाचायची. चौथ्या दिवशी बाईंनी तिला मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं आणि विचारलं, की पडद्यावरचं का वाचत नाहीस, त्या दिवशी यंत्र चुकलं म्हणून रागावलीस का?

भिंगरीनं थोडा वेळ त्यांच्या ओठांकडे पाहिलं. मग तिच्या त्या सपाट आवाजात, जरा जास्तच मोठ्यानं म्हणाली, "बाई, चुकतं तेव्हा ते एवढं सरळ लिहीत नाही."

आणि डबा घेऊन बाहेर गेली.

आठवडा गेला. एका सकाळी तिची आई शाळेत आली. अर्धा दिवस रजा टाकून आली होती, बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. दाखला न्यायला आली होती. म्हणाली, लेक स्वतःच हट्टाला पेटली आहे, म्हणते मला त्या लांबच्या शाळेतच घाला. कारण विचारलं तर सांगत नाही. मग ती बाईंचे हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही खूप केलंत, बाई. सख्खी मावशी करणार नाही एवढं केलंत."

मी बाईंच्या गळ्यापाशी होतो, पुढचा तास त्यांचाच होता म्हणून. त्यांनी मागितलं ते आपल्या पायानं चालत दारात आलं होतं. फक्त 'बरं' म्हणायचं होतं. ना कुणाला कळलं असतं, ना कुणी बोट दाखवलं असतं.

बाईंनी हळूच हात सोडवून घेतले. मग म्हणाल्या, की दाखल्याचं तासानंतर बघू, आधी माझ्याबरोबर वर्गात चला.

आई दाराशी उभी राहिली. बाईंनी लॅपटॉप उघडला, साइट लावली, माझी कळ दाबली. मग भिंगरीच्या बाकासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तिला भिंतीकडे बघ म्हणून खूण केली. आवाज कापत होता. मी तो जसा होता तसा दिला.

त्या म्हणाल्या, की त्या दिवशी या पडद्यावर आलेल्या तीन ओळी माझ्याच होत्या. मी त्या शेजारच्या खोलीत बोलले होते. यंत्र चुकलं नव्हतं. मी खोटं बोलले.

भिंतीवर ओळी उमटत गेल्या. शेवटची आली, 'मी मोठं बोलले.'

कुणी हसलं नाही. बाईंनी मागे वळून पाहिलं आणि क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता माझ्यामुळे त्यांची कबुलीची वाट बंद झाली, किंवा पळवाट उघडी राहिली, कोण जाणे. मग त्यांनी खडू उचलला आणि पडद्याशेजारच्या फळ्यावर हातभर अक्षरात लिहिलं: खोटं.

भिंगरी त्या शब्दाकडे बघत राहिली. दाराशी आईनं पिशवी छातीशी धरली होती. तिचा चेहरा मला बघवला नाही.

मग भिंगरीनं विचारलं, "आणि मी तिकडे गेले तर सुटाल, ते? ते अजून वाटतं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. बाई म्हणाल्या, "दमले की वाटतं. एरवी नाही वाटत."

भिंगरीनं ते भिंतीवर वाचलं. या वेळी बरोबर उमटलं होतं. ती जरा विचार करून म्हणाली, "मग दमलात की मला सांगा. दुसऱ्यांना नको."

आईनं दारातूनच ओठ हलवून तिला विचारलं, की जायचं का? भिंगरी म्हणाली, "सहामाही होऊ दे." तास सुरू झाला.

सगळं लगेच गोड झालं असं समजू नका. भिंगरीची आई पुढे कित्येक महिने बाईंशी कामापुरतं बोलायची. बाई शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या सरांपाशी बसेनाशा झाल्या. पण भिंगरीच्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं एक दिवस आपणहून विचारलं, की पान आम्हीच दुरुस्त केलं तर? बाईंनी पान सगळ्यांसाठी खुलं केलं. तेव्हापासून रोज दोन मुलं पाळीनं ते सुधारतात. श्वसनाचं शासन झालं की भांडणं लागतात, कुणी आधी पकडलं म्हणून. सुधारता सुधारता धडा पाठ होतो. दुसऱ्या तुकडीपेक्षा ही तुकडी अजूनही दीड धडा मागे आहे. भिंगरी सहामाहीला वर्गात सातवी आली आणि याच शाळेत राहिली. वार्षिकीनंतरही राहिली.

आता माझं वय झालं. चिमट्याचा एक दात पडलाय, बॅटरी जेमतेम एक तास धरते. लवकरच नवा माईक येईल. त्याला माझं सगळं काम लखलाभ होवो.

जुनी पानं मात्र सगळी तशीच आहेत, कुणीही उघडून वाचावीत. पर्णरंध्रांच्या पानावरच्या त्या तीन ओळी बाई पुसायला निघाल्या होत्या. त्यांनी आधी भिंगरीला विचारलं. ती म्हणाली, राहू दे. म्हणून त्या आहेत.

कधी ते पान तुमच्यासमोर आलं, तर बाईंना नावं ठेवू नका, एवढंच मागणं. वरचं पर्णरंध्रांचं वाचा. फार छान शिकवलंय त्यांनी, आणि मुलांनी मागाहून एकेक शब्द तपासलाय. त्याखालच्या तीन ओळी कुणीच तपासल्या नाहीत. तशी गरजच पडली नाही.