सहदेवाची विहीर

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. लोधिवलीच्या सहदेवाला विहीर हवी होती, ती तहानेपायी नव्हे, हट्टापायी. वाटणीत वरचा माळ त्याला आला आणि खालची नदीकाठची जमीन थोरल्या भावाला, सदूला. पाताळगंगा नदीवर जायची वाट सदूच्या अंगणातून. वाटणीपासून भावाभावांत बोलणं नव्हतं, आणि रोज त्या अंगणातून हंडा नेताना सहदेवाचा जीव नुसता जळायचा. एकदा घरची विहीर झाली की त्या दारात पाऊल टाकणार नाही, असं तो गावभर सांगत सुटला होता.

माळावर वर वाळू, तिच्याखाली पिवळी चिकणमाती. कधीकाळी नदी एवढ्या उंचावरून वाहायची म्हणे. बघायला कोण गेलं होतं! खणता खणता चिकणमाती लागली, तसं वाळूतून पाणी झिरपून गुडघाभर साठलं.

"पयला हंडा देवाचा," बायको जयवंता म्हणाली. गावाची रीतच तशी. पण घरचे देव सदूकडे.

"देव कुठं पळून नाय जात. आदी पुरुसभर पानी होऊ दे."

"अवो, एवडं बास हाय आपल्याला. चिकनमाती फोडू नका."

ऐकेल तर तो सहदेव कसला! पाणी उपसून त्याने पहार घातली. चिकणमातीचा थर फुटला आणि खाली नदीचे जुने गोलगोल गोटे निघाले, ठणठणीत कोरडे. सकाळी पाहतो तर विहिरीत थेंब नाही. बूड फुटलेल्या घागरीत पाणी राहतंय होय? सहदेव काठावर डोकं धरून बसला.

जयवंता हंडा घेऊन खाली गेली, ती धापा टाकत परतली. "चला लवकर! दादांच्या परसात दरडीतनं पानी निगालंय."

सहदेव गेला. दरडीच्या पायथ्याशी तेच गोटे होते आणि त्यांतून झुळझुळ पाणी येत होतं. त्याचंच पाणी, आणि तेही नेमकं सदूच्या दारात! त्याला हसूही आलं आणि रडूही.

सदू बाजूला उभा होता. पुढे होऊन म्हणाला, "हीर तू खनलीस, पानी तुजंच हाय. पन पयला हंडा देवाचा रं, सहदेवा."

सहदेवाने हंडा भरला. उचलताना दुसऱ्या बाजूने थोरल्याचा हात लागला. त्याने तो झटकला नाही.