पुरचुंडीतला प्राण

बाटलीतल्या काड्या फाकल्या आणि चर्चच्या ओसरीत जमलेल्या सगळ्या गावाच्या तोंडून 'आऽऽ' निघाला.

टेबलावर ती चौकोनी काचेची बाटली होती. डोक्यावर पितळेचा गोळा आणि आत शेजारी शेजारी टांगलेल्या दोन बारीक गवताच्या काड्या. टेबलामागे प्रोफेसर फुल्जेन्त्सिओ उभे होते. कुठल्या विद्यापीठाचे प्रोफेसर, हे विचारायचं कोणाला सुचलंच नव्हतं, कारण मिशा तर अस्सल प्रोफेसराच्या होत्या.

"बायांनो, हे यंत्र कोणाचं? आपल्या कोमोच्याच व्होल्टासाहेबांचं!" प्रोफेसर गरजले. "विजेचा जोर मोजतं. आणि वीज म्हणजे काय? प्राण! अंड्यांत प्राण असेल तर काड्या नव्या नवरीसारख्या लाजून दूर सरकतील. नसेल तर..." त्यांनी मान टाकून दाखवली. लोक हसले, पण हसण्यात जीव नव्हता.

हसणार कुठून? काळ्या ठिपक्यांच्या रोगाने कोमोच्या तळ्याकाठचे रेशीमकिडे काही वर्षं पटापट मरत होते. तुतीला पाला फुटला होता, अंडी उबवायचे दिवस होते, आणि आपली अंडी चांगली की रोगट या एका काळजीने प्रत्येक घराची झोप उडाली होती. अशात प्रोफेसर उगवले. गावातली मेलेली अंडी ओळखून समोरच्या शेगडीत जाळायची, त्यांच्या डब्यातली जिवंत अंडी न्यायची, आणि हंगामाला अर्धे कोष त्यांना द्यायचे, असा त्यांचा सौदा होता.

एर्सिलिया रांगेत उभी होती. नवरा गेल्यावर तिने घर चालवलं ते आईकडून आलेल्या या अंड्यांच्या वाणावर. गेल्या साली शेजारीपाजारी किडे मेले तरी तिचे तगले होते. पण तिची सून झेलिंदा दोन दिवस मागे लागली होती.

"सासूबाई, हट्ट सोडा. सगळं गाव जाळतंय, आपणच शहाण्या का?"

"अगं, पण गेल्या साली..."

"गेलं साल गेलं! यंत्र खोटं बोलेल होय?"

एर्सिलियाने छातीशी हात नेला. तिथल्या सगळ्याच बायका अंड्यांची सुती पुरचुंडी चोळीत, अंगाच्या उबेत ठेवत. कोंबडी जसं अंड्यांवर बसते तसंच हे, फक्त बसायची सोय नाही. पुरचुंडी बाहेर काढावी ती गरम आणि घामाने दमट. प्रत्येक बाईने तशीच काढली, गोळ्याला लावली, आणि काड्या जागच्या हलल्या नाहीत. पुरचुंडी शेगडीत गेली. मग प्रोफेसरांनी डब्यातून आपली रेशमी थैली काढावी, डोळे मिटून भक्तिभावाने लोकरी कोटाच्या छातीवर फिरवावी, गोळ्याला लावावी, की काड्या ताडकन फाकत.

पुढे पिएरीना होती, गावची भटारीण. तिने लोकरी मोज्यातून रेशमी चिंधीत बांधलेली अंडी ओढून काढली. गोळ्याला लावताच काड्या चांगल्याच हलल्या.

"जिवंत!" प्रोफेसर म्हणाले.

"अगं बाई!" पिएरीना चकित झाली. "मला भट्टीपुढे वेळ कुठला, म्हणून मी मोजा भट्टीच्या भिंतीला टांगला होता. त्यात तर पाव भाजून निघेल."

एर्सिलियाच्या डोक्यात तेवढ्याने चक्र फिरलं. भाजलेली अंडी जिवंत, आणि माझ्या उबेतली मेलेली? तिची पाळी आली होती. प्रोफेसरांनी हात पुढे केला. तिने पुरचुंडी घट्ट धरली आणि मागे वळून हाक मारली, "मास्तरीणबाई! जरा पुढं या हो!"

ओलिंपियाबाई शाळेच्या दारातून हे सगळं पाहत होत्याच. पुढे येऊन त्यांनी बाटलीकडे जुन्या मैत्रिणीकडे पाहावं तसं पाहिलं.

"प्रोफेसर, मला एक प्राण मोजून द्याल?" म्हणत त्यांनी दुकानातून मूठभर मक्याचं पीठ मागवलं. रेशमाच्या चिंधीत बांधलं, स्वतःच्या लोकरी शालीवर खसाखसा घासलं आणि गोळ्याला लावलं. काड्या अशा फाकल्या की काचेला जाऊन टेकल्या.

"अभिनंदन!" बाई म्हणाल्या. "पीठ जिवंत आहे. रात्री या पिठाची पेज, आपला पोलेंटा, जपून ढवळा गं, चावेल!"

ओसरी हसली. या खेपेला मनापासून हसली.

"आता तुमची थैली द्या. पिएरीना, ही चोळीत ठेव, आणि सगळ्यांनी एक माळ जपा."

भट्टीवरून आलेली पिएरीना घामाने निथळत होती. माळ जपून झाली. थैली बाहेर आली ती ओलीचिंब. बाईंनी ती प्रोफेसरांच्या कोटावर घासली, आपल्या शालीवर घासली, गोळ्याला लावली. काड्या ढिम्म.

"या बाईच्या पापाने प्राण गेला!" प्रोफेसर ओरडले.

"माझं पाप?" पिएरीना कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सकाळी माझ्याच हातचा पाव मागून मागून खाल्लात, तेव्हा नाही लागलं ते?"

"पाप नाही, घाम," ओलिंपियाबाई म्हणाल्या. "कोरडं रेशीम लोकरीवर घासलं की वीज येते आणि कोरड्यात टिकून राहते. ओल मिळाली की हातातून निसटून जमिनीत जाते. आत अंडी असोत, पीठ असो की वाळू, या बाटलीला त्याचं काही देणंघेणं नाही. ती बिचारी खरंच बोलते. तुम्हीच तिला भलतं विचारत होता."

प्रोफेसरांनी डबा उचलला, बाटली मात्र बाईंनी धरून ठेवली. ते मिशांसकट बोटीकडे निघाले. त्यांना कोणी मारलं नाही, पण पोलेंटा जपून खा, असं बऱ्याच जणींनी ओरडून सांगितलं.

शेगडीपुढे मात्र काही बायका सुन्न बसल्या होत्या. राख काही परत अंडी होत नाही.

झेलिंदा हळूच म्हणाली, "सासूबाई, पण मग आपली अंडी जिवंत आहेत हे तरी कशावरून?"

एर्सिलिया उत्तर देणार, तोच तिच्या मुठीत गुदगुल्या झाल्या. तिने पुरचुंडीची गाठ सोडली. आत केसाएवढ्या काळ्या अळ्या वळवळत होत्या. घटकेपूर्वी ही पुरचुंडी जळून जाणार होती, या विचाराने तिचे डोळे भरून आले.

"पाला आण गं!" तिने सुनेला पिटाळलं.

"थांबा, लगेच नाचू नका," बाई म्हणाल्या. "जिवंत आहेत म्हणजे निरोगी आहेत असं नाही. ही अंडी घालणारे एर्सिलियाबाईंचे पतंग गेल्या साली मी कोमोच्या डॉक्टरांकडे नेले होते. त्यांनी भिंगाखाली एकेक तपासला, ठिपका सापडला नाही, म्हणून मला भरवसा आहे. तुम्हीही यंदा पतंग तपासून घ्या, आणि कोणी चमत्कार दाखवला की एवढंच विचारा: हेच पिठावर करून दाखवाल का?"

एर्सिलियाने रिकाम्या हाताने बसलेल्या बायकांकडे पाहिलं, मग पुरचुंडीकडे. यंदा किडे वाढवायच्या तिच्या एकटीच्या ताटांना पुरून उरतील एवढ्या अळ्या होत्या.

"ए, बसलात काय?" ती म्हणाली. "पदर पसरा. आणि घाम पुसायची गरज नाही."